डॉक्टरांची बदली : नियम, तंटे आणि आपले गाव

भिवंडी तालुक्यातील अकलोली हे गाव लांबलांबच्या लोकांना ठाऊक असते ते तेथील ऊन पाण्याच्या कुंडांमुळे. तानसा नदीचा काठ, शेजारी वज्रेश्वरी, पलीकडे गणेशपुरी. यात्रेकरूंची ये-जा बारमाही. कुंडात न्हाले की सांधे मोकळे होतात, असे सांगणारी मंडळी तेथे हटकून भेटतात. तो ज्याच्या त्याच्या अनुभवाचा प्रश्न. पण रात्री अडलेली बाळंतीण, भाताच्या खाचरात फुरसे चावलेला गडी, तापाने फणफणलेले लेकरू, यांना कुंडाचा काय उपयोग? त्यांना डॉक्टर हवा. तोही भिवंडीला किंवा ठाण्याला असून भागत नाही. जवळ हवा आणि वेळेवर हवा.

म्हणून आज ज्या विषयाबद्दल सांगायचे आहे, तो वरवर पाहता कचेरीतला आणि रुक्ष वाटला, तरी त्याचा धागा थेट आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो. विषय आहे सरकारी डॉक्टरांच्या बदल्या आणि नेमणुका, आणि त्यांवरून होणारे तंटे. "डॉक्टरसाहेब गेले, नवे आले नाहीत," एवढेच गावाला कळते. ते का गेले, कोणी पाठवले, त्यांच्या जागी कोणी का आले नाही, आणि याबाबत कोणाला विचारायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. तेच आज क्रमाने पाहू.

प्रथम घराची रचना समजून घेऊ. खेड्यातील सरकारी आरोग्यसेवेच्या पायऱ्या अशा : सर्वांत खाली उपकेंद्र. सपाट प्रदेशात साधारण ५,००० आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात ३,००० लोकवस्तीला एक. त्याच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाटीवर ३०,००० वस्तीला, डोंगरात २०,००० वस्तीला एक. अकलोलीच्या शेजारी वज्रेश्वरीला असे केंद्र आहे. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, जसे भिवंडी शहरातील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय. आणि शेवटी ठाण्याचे जिल्हा रुग्णालय. ही उतरंड रचण्यामागे जुना विचार आहे. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला आणि खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून ही केंद्रे प्रत्यक्षात उभी राहू लागली. पुढे १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे गेला.

येथेच पहिली गाठ पडते, ती नीट ध्यानात घ्या. केंद्राची इमारत, औषधे, रोजचा कारभार जिल्हा परिषदेकडे. तिच्या आरोग्य विभागाचे प्रमुख म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि तालुक्याला तालुका आरोग्य अधिकारी. परंतु केंद्रातला वैद्यकीय अधिकारी, ज्याला आपण डॉक्टरसाहेब म्हणतो, तो असतो राज्य शासनाच्या आरोग्य सेवेतला. गट अ मधला किंवा गट ब मधला राजपत्रित अधिकारी. त्याची बदली मुंबईहून होते. आरोग्यसेविका, म्हणजे आपल्या सिस्टर, मात्र जिल्हा परिषदेच्या नोकर. त्यांची बदली जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या पातळीवर होते. म्हणजे एकाच छपराखाली दोन धन्यांची माणसे काम करतात. गावकरी जिल्हा परिषदेच्या सदस्याकडे जाऊन म्हणतात, "आमचा डॉक्टर बदलू नका," आणि सदस्य होकार देतात. पण तो हुकूम त्यांच्या हातातलाच नसतो. निम्मे अर्ज असे चुकीच्या दारात पडून राहतात.

आता बदली म्हणजे काय, ते पाहू. सरकारी नोकरी पत्करली की बदली आलीच. एकाच जागी वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाचे हितसंबंध तयार होतात. आणि उलट, काहींना कायम शहर आणि काहींना कायम रान, असेही होता कामा नये. म्हणून माणसे फिरती ठेवायची, ही मूळ कल्पना रास्त आहे. पण ज्याच्या हाती बदलीची लेखणी त्याच्या हाती चाबूकही येतो. गैरसोयीचा माणूस दूर फेकायचा, मर्जीतला जवळ ओढायचा, असे प्रकार वाढले, तेव्हा लेखणीला लगाम घालणारा कायदा करावा लागला.

तो कायदा म्हणजे महाराष्ट्राचा २००५ चा बदल्यांचा कायदा. २००६ सालापासून तो अमलात आहे. त्याचे पूर्ण नाव लांबलचक आहे. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबाला प्रतिबंध, असे दोन विषय त्यात एकत्र बांधले आहेत. यासाठी अण्णा हजारे यांनीही आग्रह धरला होता. या कायद्याचा गाभा चार वाक्यांत सांगता येईल. एक, गट अ, ब आणि क मधील सरकारी नोकराचा एका जागेवरील सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. दोन, कोणाची बदली होण्याजोगी आहे त्याची यादी दर वर्षी जानेवारीत करायची, आणि बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात करायच्या. तीन, इतर वेळी बदली करायची तर त्याला कारण हवे : पद नव्याने निर्माण झाले, कोणी निवृत्त झाला, बढती मिळाली, किंवा काही खास परिस्थिती उद्भवली, आणि खास परिस्थिती म्हटले की कारण लेखी नोंदवून वरच्या अधिकाऱ्याची आधी मान्यता घ्यायची. चार, तीन वर्षे पुरी होण्याआधी हलवायचे असेल तरी तेच. कारण लेखी, मान्यता आधी, आणि तीही एक पायरी वरची. वैद्यकीय अधिकाऱ्यांची नेहमीची बदली साधारणपणे खात्याचे मंत्री सचिवांच्या सल्ल्याने करतात. तेव्हा मुदतीआधीची बदली असेल, तर कागद मुख्यमंत्र्यांपर्यंत जावा लागतो.

एप्रिल-मेच का, असे कोणी विचारील. शिक्षक मंडळींना याचे उत्तर सांगायला नको. जूनमध्ये शाळा उघडतात. बिऱ्हाड हलवायचे ते मुलांची वर्षअखेर झाल्यावर. पण आरोग्यखात्याला आणखी एक कारण आहे, आणि ते गावाच्या दृष्टीने अधिक मोलाचे. मृग लागला की तानसेच्या खोऱ्यात काय होते, ते तुम्ही जाणता. ओढे भरतात, पाड्यांच्या वाटा तुटतात, हिवताप, हगवण, लेप्टो डोके वर काढतात, आणि लावणीच्या दिवसांत सर्पदंश वाढतात. या वेळी केंद्रात इथली माहिती असलेला डॉक्टर बसलेला हवा. मे महिन्यात नवा डॉक्टर रुजू झाला, तर पावसापूर्वी त्याला पाडे कळतात, दाया कळतात, कोणती वाट बंद होते ते कळते. बदलीचा हुकूम जून-जुलैपर्यंत रेंगाळला, तर ऐन पावसात खुर्ची रिकामी. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे बदल्यांचे वेळापत्रक पुढे ढकलावे लागले, ते समजण्यासारखे होते. एरवी मात्र उशीर झाला, तर त्याची किंमत पाड्यावरचा माणूस मोजतो.

कायदा झाला म्हणून तंटे मिटले नाहीत. त्यांना जागा मिळाली एवढेच. डॉक्टर मंडळींचे तंटे साधारण कोणत्या प्रकारचे असतात, ते पाहू.

पहिला प्रकार, मुदतीआधीच्या बदलीचा. समजा, एका डॉक्टरला केंद्रावर येऊन दीड वर्ष झाले. हुकूम आला, "प्रशासकीय कारणास्तव" अमक्या जिल्ह्यात बदली. हे प्रशासकीय कारण म्हणजे काय? कधी ते खरे असते. कुठे साथ असते, कुठे शल्यविशारदाची तातडीची गरज असते. कधी मात्र दुसऱ्या कोणाला ती जागा हवी असते, एवढेच. मुंबई उच्च न्यायालयाने आणि महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने अनेक निकालांत सांगितले आहे की नुसते ठोकळेबाज शब्द लिहिणे म्हणजे कारण देणे नव्हे. खास बाब असेल तर ती कशी खास, हे कागदावर दिसले पाहिजे. नसेल, तर असे हुकूम रद्द होतात.

दुसरा प्रकार, बदली हीच शिक्षा म्हणून वापरण्याचा. एखाद्याविरुद्ध तक्रार आली. चौकशी करायची म्हणजे वेळ लागतो, साक्षीपुरावे लागतात. त्यापेक्षा "उचला आणि पाठवा" हे सोपे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सोमेश तिवारी यांच्या प्रकरणात सांगितले की निनावी तक्रारीवरून, शिक्षेऐवजी म्हणून केलेली बदली कायद्यात बसत नाही. आता यात गावाचाही एक दोष आहे, तो स्पष्ट बोलला पाहिजे. डॉक्टर वेळेवर येत नाही, उद्धट बोलतो, बाहेरची औषधे लिहून देतो, अशी तक्रार असली की आपण पहिली मागणी कोणती करतो? "याची बदली करा." मान्य झाली तर काय होते? तोच डॉक्टर मोखाड्याच्या किंवा मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर जातो आणि तेथे तसाच वागतो. आपण आपला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात टाकला. दोष असेल तर लेखी, सहीनिशी, तारीखवार तक्रार करावी आणि चौकशीची मागणी करावी. दोषी ठरला तर शिक्षा होईल. निर्दोष ठरला तर त्याच्या नावावरचा डाग जाईल. बदलीने यांपैकी काहीच होत नाही.

तिसरा प्रकार, नवरा-बायकोच्या एकत्र राहण्याचा. दोघेही नोकरीत, एक कोकणात आणि एक विदर्भात, मुले आजीकडे. शासनाचे धोरण शक्यतो दोघांना जवळ ठेवण्याचे आहे. परंतु ते धोरण म्हणजे हक्क नव्हे, हेही न्यायालयाने सांगून ठेवले आहे. १९९३ च्या एस. एल. अब्बास यांच्या प्रकरणात शिलाँगहून पौडीला बदली झालेल्या केंद्र सरकारी नोकराने पत्नी शिलाँगला नोकरीत असल्याचे कारण मांडले होते. न्यायालयाने म्हटले, कोणाला कुठे नेमायचे हे खात्याने ठरवावे. द्वेषबुद्धी असेल किंवा कायद्याची तरतूद मोडली असेल तरच आम्ही हात घालू. त्याआधी १९९१ साली शिल्पी बोस यांच्या खटल्यात बिहारमधील शिक्षिकांना पतीच्या गावी बदली मिळाली होती, आणि त्यामुळे हललेल्या शिक्षकांनी दाद मागितली होती. तेथेही न्यायालयाने बदल्या कायम ठेवल्या. दोन्ही निकालांचे तात्पर्य एकच : अमुकच जागा हवी, असा हक्क सरकारी नोकराला नाही.

यावरून असे वाटेल की मग २००५ च्या कायद्याने काय साधले? साधले ते असे. पूर्वी बदलीचे नियम बहुधा परिपत्रकांत असत, आणि परिपत्रक मोडले तरी न्यायालय सहसा मध्ये पडत नसे. महाराष्ट्राने ते नियम कायद्यात घातले. कायदा मोडला की न्यायालयाला विचारता येते. केवढा फरक पडला, पाहा! पुढे ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी सांगितले की बदल्यांच्या शिफारशी नागरी सेवा मंडळांनी कराव्यात, कार्यकाळ ठरलेला असावा, आणि तोंडी हुकमांवर कारभार चालू नये. त्यानुसार २०१४ साली महाराष्ट्रातही अशी मंडळे स्थापन झाली. मंडळाची शिफारस मंत्र्यांना नाकारता येते. पण कारण लिहून.

डॉक्टरने दाद मागायची कुठे? राज्य शासनाच्या नोकरांसाठी १९९१ साली महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याला सगळे "मॅट" म्हणतात. त्याची आसने मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. त्याचा निकाल पटला नाही तर उच्च न्यायालय. १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालाने ती वाट मोकळी ठेवली आहे. जिल्हा परिषदेचे स्वतःचे नोकर, जसे आपले प्राथमिक शिक्षक, मॅटच्या कक्षेत येत नाहीत. आणखी एक गोष्ट : हुकूम अन्यायाचा वाटला म्हणून घरी बसून राहता येत नाही. १९८९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की स्थगिती किंवा फेरविचार मिळाला नाही, तर आधी रुजू व्हावे लागते. न झाल्यास तोच शिस्तभंग ठरतो.

येथवर झाली डॉक्टरची बाजू. आता गावाची बाजू घेऊ. कारण मॅटमध्ये वादी असतो डॉक्टर, प्रतिवादी असते सरकार, आणि ज्याच्यासाठी ती जागा निर्माण झाली त्या रोग्याला तेथे खुर्ची नसते. एक डॉक्टर बदलीविरुद्ध स्थगिती आणतो. त्याच्या जागी आलेला दुसरा अधांतरी. त्या दुसऱ्याच्या जुन्या जागी पाठवलेला तिसरा खोळंबलेला. एका हुकमाने तीन केंद्रे अडतात. आगगाडीचे डबे जसे एकमेकांत अडकवलेले असतात, तशा बदल्या एकमेकींत अडकलेल्या असतात. म्हणून हुकूम मुळातच कायद्याला धरून निघाला पाहिजे, ही नुसती डॉक्टरची मागणी नाही. ती गावाचीही असायला हवी.

गावाला सर्वांत अधिक नडणारी गोष्ट मात्र बदलीच्या कायद्यात नावानिशी सापडत नाही. ती म्हणजे कागदावरची नेमणूक. केंद्राच्या फळ्यावर डॉक्टरचे नाव असते, पगारही त्या जागेवरून निघतो, पण माणूस काम करतो दुसरीकडे. तालुक्याच्या गावी, जिल्ह्याला, कुठल्याशा कार्यालयात. याला म्हणतात प्रतिनियुक्ती, किंवा बोलीभाषेत "डेप्युटेशन". काही वेळा ती खरोखर गरजेची असते. यात्रेसाठी, साथीसाठी, निवडणुकीसाठी चार दिवस. पण चार दिवसांचे चार महिने होतात, तेव्हा फार मोठी गफलत होते. का? कारण सरकारच्या हिशेबी ही जागा भरलेली आहे. रिक्त जागांच्या यादीत तिचे नाव येत नाही. यादीत नाव नाही म्हणून नवा डॉक्टर पाठवला जात नाही. रिकामी जागा परवडली, ती निदान रिकामी म्हणून दिसते. ही न दिसणारी रिकामी जागा गावकऱ्यांनीच उजेडात आणायची असते.

तिसरी अडचण, पर्यायी माणूस येण्याआधी जुन्याला मोकळे करण्याची. सरकारी भाषेत जाणाऱ्याला "कार्यमुक्त" करतात आणि येणारा "रुजू" होतो. या दोन शब्दांच्या मधल्या काळात केंद्राचा भार शेजारच्या केंद्राच्या डॉक्टरकडे देतात; त्याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात. एका माणसाने दोन केंद्रे सांभाळायची म्हणजे दोन्हीकडे अर्धी सेवा. महाराष्ट्रात केंद्राला सहसा दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे असतात. त्यांपैकी एक जरी जाग्यावर असला तरी निभावते. दोन्ही एकदम हलले तर १०८ ची रुग्णवाहिका बोलावून रोगी भिवंडीला न्यायचा. वाटेतले वीस-पंचवीस किलोमीटर अडलेल्या बाळंतिणीला फार लांबचे वाटतात.

आता कोणी म्हणेल, डॉक्टरच खेड्यात यायला तयार नाहीत, मग बदलीचे नियम कितीही चांगले असोत! त्यात तथ्य आहे. पण तेवढ्यावर थांबू नये. सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्याला एक वर्षाची बंधनकारक सेवा असते, आणि ती न केल्यास दंड. दंड भरून मोकळे होणारेही असतात. म्हणून नुसत्या सक्तीने भागत नाही, आमिषही लागते. तरुण डॉक्टरला हवे असते पुढचे शिक्षण. दुर्गम भागात केलेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत अधिक गुण देण्याची तरतूद नियमांत आली. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला, आणि २०२२ साली महाराष्ट्राने अशा २० टक्के जागा राखल्या. खेड्यातली तीन वर्षे ही शिक्षा न राहता पुढच्या पायरीचे भांडवल होते, हा त्यातला फायदा. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एक पायरी वरचे वेतन आणि ठरलेली मुदत पुरी केल्यावर पसंतीच्या जागेचा विचार, असे धोरण २००२ पासून आहे. यातील दुसरा भाग डॉक्टरांना पगाराहून प्रिय असतो. "साहेब, दोन पैसे कमी चालतील, पण परत कधी नेणार ते सांगा," असे त्यांचे म्हणणे असते. परत नेण्याचा शब्द एकदा मोडला की पुढचा माणूस जायला कचरतो. दुर्गम भागातल्या रिकाम्या जागांचे एक मूळ या मोडलेल्या शब्दात आहे.

मेळघाटाचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. तेथील बालमृत्यू आणि कुपोषणाबाबतच्या जनहित याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे सुनावणी चालत आली. बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ तेथे प्रत्यक्ष हजर असावेत म्हणून न्यायालयाला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. हुकूम निघणे आणि माणूस जाग्यावर असणे, यांत केवढे अंतर असते, हे त्यावरून दिसते. आपल्या भिवंडी तालुक्याचाही काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथील वारली, कातकरी, मल्हार कोळी वस्त्यांना हा प्रश्न परका नाही.

मग यावर उपाय कोणता? एक उपाय शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या संगणकावर आल्या. गावांची "अवघड" आणि "सर्वसाधारण" अशी वाटणी झाली, अवघड क्षेत्रात राहिलेल्याला पसंतीचा अधिकार मिळाला. त्या पद्धतीवर कुरबुरी झाल्या, नियम पुन्हा बदलले, २०२१ साली नवे धोरण आले, सारे खरे. पण रिकाम्या जागा कोणत्या आणि माझा क्रमांक कितवा, हे उघड्यावर आले. शेजारच्या कर्नाटकाने वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी २०११ साली वेगळा बदल्यांचा कायदाच केला. त्यात गावांची शहरापासूनच्या अंतराप्रमाणे विभागणी आहे, आणि सर्वांसमोर रिक्त जागा दाखवून समुपदेशनाने निवड करायची आहे. म्हणजे बंद खोलीतली चिठ्ठी गेली, उघडी यादी आली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० साली आणि पुन्हा २०२१ साली खेड्यात डॉक्टर कसे टिकतील याची मार्गदर्शक सूत्रे दिली. त्यांचे सार असे की शिक्षण, वेतन, राहण्याची सोय, सुरक्षितता आणि पुढे जाण्याची संधी, ही सगळी एकत्र हवीत; एकट्याने कोणतेच पुरत नाही.

आता शेवटी, गावाने काय करावे?

पहिले : माणूस मागू नका, जागा मागा. चांगला डॉक्टर जाऊ लागला की गाव हळहळते, मोर्चा काढते, टाळे ठोकते. भावना खरी असते. पण तीन वर्षे पुरी झालेला डॉक्टर अडवून धरला, तर पुढच्या वेळी खेड्यात यायला कोण धजेल? त्याला हार घालून निरोप द्या, आणि मागणी ही करा की "पर्यायी अधिकारी रुजू झाल्याखेरीज यांना कार्यमुक्त करू नये." ही मागणी रास्त आहे आणि तिला नकार देणे अवघड असते.

दुसरे : योग्य दारात जा. डॉक्टरच्या जागेबाबत अर्ज द्यायचा तो जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, आणि त्याची प्रत आरोग्य उपसंचालकांना व मंत्रालयातील सार्वजनिक आरोग्य विभागाला. सिस्टरच्या जागेबाबत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. ग्रामसभेचा ठराव जोडला तर अर्जाचे वजन वाढते. केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीत हा विषय नोंदवून घ्या.

तिसरे : माहितीचा अधिकार वापरा. २००५ च्या कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती मिळते. विचारायचे ते मोजके : आमच्या केंद्रात मंजूर पदे किती? भरलेली किती? नेमणूक येथे असून काम दुसरीकडे करणारे कोण? त्यांच्या प्रतिनियुक्तीचा आदेश कोणत्या तारखेचा, कोणाच्या सहीचा, किती दिवसांचा? "असे का केले?" असे विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागदाची प्रत मागा. हे अर्ज लिहून देण्याचे काम गावातल्या शिक्षकांनी केले, तर ते मोठे लोकशिक्षण होईल. शाळेतल्या वरच्या वर्गाला नागरिकशास्त्राचा धडा म्हणूनही ते शिकवता येईल.

चौथे : वेळ साधा. जानेवारीत याद्या होतात, एप्रिल-मेमध्ये हुकूम निघतात. आपला ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत झाला, तर तो वेळेवर पोचतो. जूनमध्ये केलेला आरडाओरडा बैल गेल्यावर झोपा करण्यासारखा.

पाचवे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे : आलेला डॉक्टर टिकेल असे वागा. निवासाची दुरुस्ती, पाणी, दिवे, रात्री एकट्या महिला डॉक्टरला वाटणारी सुरक्षितता, यांकडे ग्रामपंचायतीने लक्ष द्यावे. रोगी दगावला म्हणून डॉक्टरवर हात उगारणे हा २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी साधी गोष्ट अशी की ज्या गावात एकदा डॉक्टरला मार बसला, त्या गावाचे नाव पुढे कोणी पसंतीच्या यादीत लिहीत नाही.

वाचकहो, बदलीचा हुकूम हा एका पानाचा कागद असतो. त्यावर एका डॉक्टरचे नाव असते आणि दोन गावांची नावे असतात. एक तो सोडतो ते, एक तो जातो ते. डॉक्टरला त्या कागदाविरुद्ध दाद मागायला मॅट आहे. गावाला तसे न्यायालय नाही. पण ग्रामसभा आहे, अर्ज आहे, ठराव आहे आणि माहितीचा हक्क आहे. यंदाच्या जानेवारीत ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पिण्याचे पाणी आणि रस्ता यांच्या जोडीला आणखी एक विषय घाला : आपल्या आरोग्य केंद्रातील मंजूर पदे, भरलेली पदे आणि प्रत्यक्ष हजर असलेली माणसे. हे तीन आकडे केंद्राच्या भिंतीवर लिहून लावायला सांगा, आणि दर तीन महिन्यांनी कोणीतरी जाऊन ते वाचून या.